एका ‘मॉर्टल’ शब्दावर पारखलेलं फुकटातलं डिक्शनरी ॲप

इंग्रजी-मराठी डिक्शनरीचं ॲप बरं की वाईट हे बघायचं असेल तर त्यात ‘टेबल’ नि ‘हॅपी’ टाकून काही कळत नाही, ते सगळ्यांनाच जमतं. मी सरळ ‘मॉर्टल’ टाकतो. शब्द एवढासा, पण कधी मरणारा, कधी मारणारा, कधी नुसताच माणूस, आणि कधी मरणाशी काही घेणंदेणं नाही, उगाच जोर द्यायला. मागोमाग ‘मॉर्टॅलिटी’ टाकायचा, तो तर पेपरात रोज भेटतो. ॲपचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण या साच्यातली ॲप्स ढिगानं आहेत, आयकॉन बदलला की झालं नवीन ॲप, त्यामुळे खालचं बरंचसं तुमच्या फोनमधल्यालाही लागू पडेल.

आधी चांगलं सांगतो. सर्च फास्ट आहे, स्पेलिंग अर्धवट टाकलं तरी सापडतं. उच्चाराचं बटण तर खरंच छान, ब्रिटिश आणि अमेरिकन वेगवेगळं ऐकवतं, अमेरिकन ‘मॉर्टल’मधला ट जवळजवळ ड होतो तो स्पष्ट ऐकू येतो. आणि ‘मॉर्टॅलिटी’ला जोर पुढे सरकून ‘टॅ’वर जातो हेही कानाला कळतं, आपल्याकडे भलेभले पहिल्याच ‘मॉर’वर जोर देऊन मोकळे होतात.

आता अर्थ. स्क्रीनवर काय येतं तर मर्त्य, नश्वर, मरणाधीन, प्राणघातक, मनुष्य. स्वल्पविराम देऊन एका ओळीत, संपलं. एकही चूक नाही म्हणा, पण चाव्यांचं अख्खं जुडगं हातात दिलंय आणि कुठली चावी कुठल्या कुलपाची ते सांगितलेलंच नाही. खाली उदाहरण एकच, ‘मॅन इज मॉर्टल’, म्हणजे मनुष्य मर्त्य आहे. हे वाक्य लॉजिकच्या तासाला सॉक्रेटिसला मारण्यापुरतं ठीक आहे (माणूस मर्त्य, सॉक्रेटिस माणूस, म्हणून सॉक्रेटिस मर्त्य), एरवी कोण बोलतं असं?

खरी गंमत हा शब्द कोणाच्या जोडीला बसतो त्यात आहे आणि ॲप नेमकं तिथंच गप्प. ‘मॉर्टल एनिमी’ म्हणजे मर्त्य शत्रू नव्हे, आपल्या भाषेत हाडवैरी. ‘मॉर्टल ब्लो’ म्हणजे वर्मी घाव. ‘मॉर्टल टेरर’ म्हणजे पाचावर धारण बसणे, यात कोणी मरत नाही, मेल्याहून मेल्यासारखं होतं इतकंच. ‘मॉर्टली ऑफेंडेड’ झालेला माणूस पण धडधाकट असतो, फक्त त्याला फार लागलेलं असतं. ‘मिअर मॉर्टल्स’ तर बहुतेक वेळा थट्टेत, एखादा क्रिकेटर अशक्य कॅच घेतो आणि कॉमेंटेटर म्हणतो की हे आपल्यासारख्या मिअर मॉर्टल्सचं काम नाही, म्हणजे तुम्हाआम्हा पामरांचं. एवढे चांगले शब्द मराठीत तयार पडलेत, ते द्यायचे सोडून ‘मरणाधीन’. हा शब्द शेवटचा कोणी कधी वापरला असेल देव जाणे.

‘मॉर्टल सिन’ शोधलं तर ‘प्राणघातक पाप’ आलं. हे वाचून वाटेल की खून वगैरे. कॅथलिक धर्मशिक्षणात तो अर्थ आत्म्याच्या मरणाचा आहे, शरीराच्या नाही. गोष्ट गंभीर हवी, ती गंभीर आहे हे करणाऱ्याला माहीत हवं आणि तरी जाणूनबुजून केलेली हवी, या तिन्ही अटी असल्या तर मॉर्टल, नाहीतर ते हलकं पाप, त्याला ‘व्हीनिअल’ म्हणतात. ॲपमध्ये एक ओळ टाकली असती तरी पुरलं असतं.

‘फेटल’, ‘लीथल’, ‘डेडली’ आणि ‘मॉर्टल’ या चौघांना तर ॲपनं एकच अर्थ चिकटवलाय, प्राणघातक. इथं लिहिणाऱ्याचा घात होतो. अपघातात माणूस गेला तर तो ‘फेटल ॲक्सिडेंट’, तिथं ‘मॉर्टल ॲक्सिडेंट’ कोणी म्हणत नाही. ‘लीथल’मध्ये मारण्याची ताकद असते, मारलंच असं नाही, म्हणून लीथल वेपन, लीथल डोस. विषशास्त्रात एलडी ५० म्हणतात ना, ज्या डोसनं प्रयोगातले निम्मे प्राणी मरतात तो, त्यातला एल म्हणजे हाच लीथल. आणि जखमेला मात्र ‘मॉर्टल वूंड’ खुशाल म्हणता येतं, माणूस अजून श्वास घेत असला तरी, कारण आता तो वाचत नाही हे ठरलेलं असतं. शिवाय ‘फेटल’ कॉम्प्युटरला पण लागतो, फेटल एरर आला की प्रोग्राम मरतो, आपण नाही. ‘मॉर्टल एरर’ येत नाही. नव्या पोरांना मॉर्टल हा शब्द १९९२ साली आलेल्या मॉर्टल कॉम्बॅट या गेममुळेच माहीत असतो, तिथं मॉर्टल म्हणजे जीव जाईपर्यंत, तेवढा अर्थ त्यांना न शिकवता कळलाय.

‘मॉर्टॅलिटी’चं पान सगळ्यात कच्चं. मर्त्यता, मृत्युसंख्या, मृत्यूचे प्रमाण, असं एकापुढे एक. अहो मृत्युसंख्या म्हणजे किती मेले, आणि मॉर्टॅलिटी रेट म्हणजे कितींमागे किती मेले, जमीन-अस्मानाचा फरक आहे. आणि ‘कितींमागे’ हे पण दरवेळी बदलतं. इन्फंट मॉर्टॅलिटी म्हणजे जिवंत जन्मलेल्या दर १००० बाळांमागे वर्षाच्या आत किती दगावली, तर मॅटर्नल मॉर्टॅलिटी मोजतात दर १ लाख जिवंत जन्मांमागे, तिथं १००० धरलं तर सगळा हिशोबच गंडतो. त्यात भर म्हणजे केस फेटॅलिटी, म्हणजे आजारी पडलेल्यांपैकी किती गेले. समजा १ लाख वस्तीत १००० जण आजारी पडले आणि २० गेले, तर केस फेटॅलिटी २ टक्के, पण त्या आजाराची मॉर्टॅलिटी लाखामागे २०. दोन्ही आकडे खरे, एक ऐकून घाम फुटतो, दुसरा ऐकून हायसं वाटतं, आणि ॲपमध्ये दोन्हीला मराठी शब्द एकच, मृत्युदर. ‘मॉर्बिडिटी’ म्हणजे आजारपणाचं प्रमाण, तो शब्द पण शेजारी दाखवला असता तर बरं झालं असतं, कारण दोन्ही कायम जोडीनं येतात आणि लोक हमखास गल्लत करतात.

हा मोजमापाचा अर्थ काही आजकालचा नाही बरं का. लंडनमध्ये दर आठवड्याला कोण कशानं गेलं याच्या याद्या छापून निघायच्या, ‘बिल्स ऑफ मॉर्टॅलिटी’ म्हणायचे त्यांना, आणि जॉन ग्राँट नावाच्या कापड-सुईदोरा विकणाऱ्या व्यापाऱ्यानं त्याच याद्या चाळून १६६२ मध्ये पुस्तक काढलं, लोकसंख्याशास्त्राची सुरुवात तिथून धरतात. पुढे १६९३ मध्ये हॅलेनं, तोच धूमकेतूवाला, ब्रेस्लाऊ शहराच्या नोंदींवरून कितव्या वर्षी किती माणसं उरतात याचा तक्ता मांडला. आज विम्याचा हप्ता ठरतो तो अशाच मॉर्टॅलिटी टेबलवरून. म्हणजे तत्त्वज्ञानातला शब्द आणि एजंटच्या फाइलमधला शब्द एकच, ॲपनं हे दोन अर्थ निदान १ आणि २ असे नंबर देऊन तरी वेगळे करायचे.

व्युत्पत्तीचा टॅब आहे, त्याचं कौतुक. लॅटिन मोर्स म्हणजे मरण, तिथून फ्रेंचमधून इंग्रजीत, इथपर्यंत बरोबर दिलंय आणि मग थांबलंय. मराठी माणसासाठी ॲप काढलंय तर खरी मेजवानी पुढे होती. संस्कृत मृ, मृत्यू, मर्त्य, अमृत, सगळे त्याच मुळाचे. फारसीतून आलेला मुर्दा पण तोच. आणि मर्द! मर्द म्हणजे मुळात मरणारा, मर्त्य माणूस. मिशीला पीळ देताना हे कोणाच्या लक्षात राहतंय. इंग्रजीतला मर्डर पण याच घरातला, मॉर्गेज म्हणजे गहाण, शब्दशः मेलेलं तारण, मात्र मोरॅटोरिअमचा, म्हणजे तात्पुरत्या स्थगितीचा, काही संबंध नाही, तो उशीर या अर्थाच्या शब्दावरून आलाय.

जाहिराती सहन होण्याइतक्या. ऑफलाइन चालतं, पण व्युत्पत्ती आणि उच्चार दोन्हीला नेट लागतं. वाचताना अडलं तर बघायला ठेवा, लिहायला बसलात तर याच्या भरवशावर राहू नका, मोठ्या इंग्रजी-इंग्रजी डिक्शनरीत उदाहरणं बघा आणि मगच शब्द वापरा. पाचपैकी तीन स्टार, त्यातला एक अख्खा स्पीकरच्या बटणाला.

‘चूक कळवा’ असं बटण पण आहे आणि ते चालतं, हे सांगायलाच हवं. ‘मॉर्टल रिमेन्स’ला यांनी ‘मर्त्य अवशेष’ दिलं होतं, मी कळवलं की बाबांनो, याला मराठीत पार्थिव म्हणतात, बातम्यांत रोज असतं. पुढच्या अपडेटला बदललं की! फक्त ते बहुतेक मशीननं सगळीकडे फिरवलंय, कारण आता उदाहरणात वाक्य दिसतं, ‘मनुष्य पार्थिव आहे’.