पीएफ, पेन्शन आणि एनपीएस: कंपनीच्या रिटायरमेंट प्लॅनचा नऊ महिन्यांचा अनुभव

मागच्या जुलैत ऐरोलीच्या कंपनीत लागले तेव्हा पहिल्याच दिवशी एचआरने फॉर्मचा गठ्ठा पुढे ठेवला, एक पीएफचा, एक नॉमिनेशनचा आणि एक एनपीएसचा (नॅशनल पेन्शन सिस्टीम, म्हणजे पैसे बाजारात गुंतवणारी पेन्शन योजना), त्यावर फक्त हो की नाही एवढंच टिक करायचं होतं. आधीच्या कंपनीत सहा वर्षं काढली, दर महिन्याला पीएफ कापला जायचा आणि मी एकदाही पासबुक उघडलं नव्हतं. ह्या वेळी ठरवलं की समजल्याशिवाय सही करायची नाही. एनपीएसचा फॉर्म तसाच घरी घेऊन आले आणि महिनाभर कळवा ते ऐरोली येता-जाता, ठाण्याला गाडी बदलताना, नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर उभं राहून मोबाइलवर वाचत राहिले. आता नऊ महिने झालेत, पैसेही जमा होतायत आणि गोंधळही बघून झालाय, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी पीएफ. माझं बेसिक, म्हणजे मूळ पगार, ३०,०००. त्याचे १२ टक्के म्हणजे ३,६०० माझे कापले जातात आणि तेवढेच कंपनी भरते असं सांगितलं होतं. पहिलं पासबुक उघडलं तर माझ्या कॉलममध्ये ३,६०० आणि कंपनीच्या कॉलममध्ये २,३५०. मला वाटलं कंपनीने साडेबाराशे रुपये खाल्ले, एचआरला मेल टाइपसुद्धा करून झाला होता. पाठवायच्या आधी अकाउंट्समधल्या मॅडमना दाखवला, त्या म्हणाल्या, "अगं, तिसरा कॉलम बघितलास का?" मोबाइल आडवा केल्यावर तो दिसला, पेन्शनचा कॉलम, त्यात १,२५०. कंपनीच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के पेन्शन योजनेत जातात, पण पगार कितीही जास्त असला तरी ते १५,००० वरच धरतात, म्हणून १,२५०. ही मर्यादा सप्टेंबर २०१४ पासूनची आहे. उरलेले पैसे आपल्या पीएफ खात्यात येतात.

ह्या तिसऱ्या कॉलमबद्दल जरा जास्त लिहिते कारण नव्वद टक्के गैरसमज इथेच होतात. ह्या पैशावर आपल्याला व्याज मिळत नाही. पीएफच्या दोन कॉलमवर मिळतं (२०२४-२५ साठी ८.२५ टक्के, हिशोब दर महिन्याच्या शिलकीवर आणि जमा वर्षातून एकदा), पेन्शनच्या कॉलमवर नाही. तिथे मोजली जातात ती नोकरीची वर्षं. शेवटच्या ६० महिन्यांचा सरासरी पगार, गुणिले नोकरीची वर्षं, भागिले ७०, असं सूत्र आहे, आणि तो पगारसुद्धा १५,००० च्या वर धरत नाहीत. २० वर्षांच्या पुढे सेवा झाली की २ वर्षं वाढवून मिळतात. म्हणजे मी ३० वर्षं भरले तर १५,००० गुणिले ३२ भागिले ७०, महिन्याला साधारण ६,८५७ रुपये. हा आकडा मी तीनदा करून बघितला. आमच्या कळव्याच्या सोसायटीचा मेंटेनन्स आणि लाइटबिल भरलं की त्यातले बरेचसे गेलेच. मला खरंच वाईट वाटलं, कारण आमच्या फॅक्टरीतल्या कितीतरी लोकांना वाटतं की पीएफची पेन्शन आहे म्हणजे म्हातारपणाची सोय झाली. तीही ५८ व्या वर्षी सुरू होते आणि त्यासाठी किमान १० वर्षं सेवा लागते.

म्हणूनच नोकरी बदलल्यावर पीएफ काढून घ्यायचा सल्ला मी ऐकला नाही. बरेच जण म्हणाले काढून टाक, दिवाळीला कामाला येतील. पण पेन्शनचे पैसे काढले असते तर माझी सहा वर्षं पुसली गेली असती आणि १० चा हिशोब पुन्हा शून्यापासून. ट्रान्सफर केल्यामुळे नव्या नोकरीत चारच वर्षं हवीत.

मात्र ट्रान्सफरने रडवलं. जुन्या कंपनीने माझी नोकरी सोडल्याची तारीखच टाकली नव्हती, त्याशिवाय क्लेम पुढे जाईना. ती आपल्याला स्वतः टाकता येते, शेवटची रक्कम जमा झाल्यानंतर दोन महिने थांबायचं आणि आधारच्या ओटीपीने पोर्टलवर भरायची, हे मला सप्टेंबरात कळलं. आणि ते करताना दुसरी गोष्ट दिसली, शेवटच्या तीन महिन्यांचे पैसे पासबुकात नव्हतेच. सॅलरी स्लिपवर दर महिन्याला २,६४० कापलेले स्पष्ट दिसतायत आणि पासबुकात ते महिने कोरे. त्या रात्री मला झोप लागली नाही, रकमेपेक्षा जास्त हे लागलं की माझ्या पगारातून कापून घेतलेले पैसे भरलेच नाहीत. नियम असा आहे की कापलेला पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा. फोन केला तर आज भरतो उद्या भरतो. शेवटी पीएफच्या तक्रार पोर्टलवर तिन्ही स्लिपा जोडून तक्रार टाकली आणि साधारण दीड महिन्याने पैसे जमा झाले. स्लिपा मी मेलमध्ये जपून ठेवल्या होत्या म्हणून निभावलं.

ट्रान्सफर झाल्यावर अजून एक धक्का बसतो तो आधीच सांगते, पेन्शनच्या कॉलममध्ये जुन्या कंपनीचे शून्य दिसतात. घाबरायचं नाही, तिथे पैसे नाही तर वर्षं पुढे येतात.

आता एनपीएस. हे खासगी कंपन्यांसाठी २०११ पासून आहे. एचआरचं प्रेझेंटेशन सगळं टॅक्स वाचतो ह्यावरच होतं. नव्या टॅक्स पद्धतीत कंपनीने एनपीएसमध्ये भरलेले बेसिकच्या १४ टक्क्यांपर्यंतचे पैसे वजा मिळतात, हे खरंय. पण माझं वर्षाचं उत्पन्न सव्वासात लाखांच्या आसपास, मला २०२५-२६ ला टॅक्स लागतच नाही, मग वाचणार काय? हेच माझ्या शेजारी बसणाऱ्या सिनियरचं गणित बघा. ग्रॉस साडेतेरा लाख, ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन (पगारदारांना मिळणारी सरसकट वजावट) जाऊन पावणेतेरा. त्याच्यावर सेस धरून ७४,१०० टॅक्स. बेसिक ५६,२५०, त्याचे १४ टक्के वर्षाला ९४,५००, ते एनपीएसमध्ये गेले की उत्पन्न १२ लाखांच्या खाली आणि टॅक्स शून्य. त्यांनी पहिल्या दिवशीच हो केलं आणि बरोबरच केलं. पण हाच फॉर्म ट्रेनी पोरांच्या हातात टॅक्स वाचेल म्हणून द्यायचा, हे मला पटत नाही.

मी तरी घेतलं, वेगळ्या कारणाने. वर काढलेला ६,८५७ चा आकडा. आमच्याकडे टक्के आपण ठरवायचे, मी ५ टक्के घेतले, महिन्याला १,५००. एक लक्षात घ्या, हे कंपनी वरून देत नाही, सीटीसी (कंपनीचा आपल्यावरचा एकूण खर्च) तेवढाच राहतो, स्पेशल अलाउन्समधून काढून तिकडे टाकतात, म्हणजे हातात येणारा पगार तेवढ्याने कमी. आणि पैसे बरीच वर्षं अडकतात. मधे काढायचे तर तीन वर्षांनंतर, ठराविक कारणांसाठी आणि तेही आपण स्वतः भरलेल्या पैशातले २५ टक्के. शेवटीही सगळे हातात येत नाहीत, काही भागाची ॲन्युइटी, म्हणजे विमा कंपनीकडून नियमित पेन्शन, घ्यावीच लागते. इएमआय चालू असेल तर हा विचार आधी करा. पैसे कुठे गुंतवायचे ते मी ऑटो चॉइसवर ठेवलंय, वय वाढेल तसा शेअरचा हिस्सा आपोआप कमी होतो. दोन महिने भरलेल्यापेक्षा कमी रक्कम दिसत होती. पीएफच्या सवयीने ते बघायला जड गेलं, पण माझ्यापुढे अजून पंचवीस-सव्वीस वर्षं आहेत.

नॉमिनेशनचं मात्र आजच करा, खरंच. लग्नाआधी मी आईचं नाव टाकलं होतं, लग्नानंतर ते नव्याने करावं लागतं हे मला माहीतच नव्हतं. पीएफसोबत विमाही असतो, नोकरीत असताना काही झालं तर घरच्यांना ७ लाखांपर्यंत मिळतात, त्यासाठी आपल्या पगारातून एक रुपया कापत नाहीत. आमच्या टीममध्ये अकरा जण, त्यातल्या चौघांनाच हा विमा माहीत होता. ऑनलाइन नॉमिनेशनला फोटो आणि घरच्यांचे आधार नंबर लागतात, मला वीस मिनिटं लागली.

आता दर महिन्याच्या २० तारखेला पासबुक बघते, रजिस्टर मोबाइलवरून ९९६६०४४४२५ ला मिस्ड कॉल दिला तरी बॅलन्स येतो. मिस्टर तुर्भ्याला चौदा जणांच्या वर्कशॉपमध्ये आहेत, पीएफचा कायदा वीस माणसांपासून लागू होतो म्हणून त्यांना हे काहीच नाही. मागच्या रविवारी त्यांचं एनपीएस खातं वेगळं उघडलं, पहिले हजार रुपये भरले आणि नॉमिनीत माझं नाव टाकलं.