पासपोर्ट त्यांच्या ड्रॉवरमध्ये आणि मी रस्त्यावर: थायलंडच्या बेटावर स्कूटरवरून झालेली फसवणूक

हे लिहायला मला तीन आठवडे लागले, कारण लाज वाटत होती. घरी अजून पूर्ण आकडा सांगितलेला नाही. इथे सांगते: १२,५९० बाट. स्कूटरचं भाडं यात धरलेलं नाही, ते मी वापरलं आणि दिलं.

को ताओ, को फांगान, को सामुई आणि मग पलीकडे क्रॅबी, असा बेत होता. नोव्हेंबरात गल्फच्या (थायलंडच्या आखाताच्या) बाजूला, म्हणजे या बेटांकडे, पाऊस असतो आणि अंदमान समुद्राची बाजू उघडलेली असते, म्हणून शेवट क्रॅबीत ठेवला होता. प्रकार या तीनपैकी कुठल्या बेटावर झाला ते मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की लोक 'त्या बेटावर जायचं नाही' एवढंच लक्षात ठेवतात आणि शेजारच्या बेटावर जाऊन तेच करतात.

मी अगदी कोरी गेले नव्हते हो. 'ग्रँड पॅलेस आज बंद आहे' म्हणून रत्नांच्या दुकानात नेणारे बँकॉकचे टुकटुकवाले मला माहीत होते. पटाया आणि पटाँगला जेट स्की परत करताना काढलेली भांडणं माहीत होती, म्हणून मी जेट स्कीला हातही लावला नाही. स्कूटरवाल्याकडे मूळ पासपोर्ट ठेवायचा नाही, हेही माहीत होतं. तरी ठेवला.

का, तेही सांगते. धक्क्यापासून हॉस्टेल सहा किलोमीटर. संध्याकाळची वेळ, पाठीवर अकरा किलोची बॅग, वरून पाऊस, आणि सोंगथ्याववाला (मागे बाकं टाकलेली शेअर पिकअप गाडी) एकटीचे ३०० बाट मागत होता. एका रांगेतल्या चार दुकानांत विचारलं, चारही ठिकाणी पासपोर्टच हवा होता. शेवटच्या दुकानातल्या बाईंना मी झेरॉक्स आणि वर ३,००० बाट रोख अनामत देऊ केली. त्या हसून म्हणाल्या, "बॉस नो." दिवसाला २५० बाट, तीन दिवस. मी पासपोर्ट काढून दिला आणि त्यांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला. आत आणखी सात-आठ पासपोर्ट होते. ते बघून मला उलट धीर आला, की एवढे लोक ठेवतात म्हणजे ठीक असेल.

फॉर्मवर स्कूटरचं छोटं चित्र असतं, जुन्या ओरखड्यांवर खुणा करायला. माझ्या फॉर्मवरचं चित्र कोरं होतं. मी व्हिडिओ काढायला फोन काढला तर बाई म्हणाल्या, "ओल्ड स्क्रॅच, नो प्रॉब्लेम," आणि किल्ली हातात दिली. पावसात फोन भिजत होता. मी अकरा सेकंदांचा व्हिडिओ काढला, तोही फक्त पुढून. खाली सही केली.

आता जे मला झोपू देत नाही ते. दुसऱ्या दिवशी दुपारी जोराची सर येऊन गेली. स्कूटरवरून उतरले तर डाव्या पोटरीवर तळहाताएवढा काळा पट्टा. मला वाटलं, ग्रीस. टॉवेलने पुसताना वास आला आणि तो मी ओळखला. शाळेत असताना रविवारी रात्री बुटांना पॉलिश करायचे, तो वास. स्कूटरच्या काळ्या प्लास्टिकवर बोट फिरवलं, बोट काळं झालं, आणि खाली लांबच लांब पांढरट ओरखडे दिसले. जुने, कडा गुळगुळीत झालेले. मी तिथे दोन मिनिटं उभी होते. मनात आलंही की स्कूटरला कुणी बूटपॉलिश का लावेल? आणि मग मी समुद्रावर गेले. त्याच मिनिटाला फोटो काढला असता, पाठीमागच्या माणसाला साक्षीला उभं केलं असतं, तर हे सगळं लिहावं लागलं नसतं. काळा डाग पडलेला तो टॉवेल मी धुतलेला नाही.

गाडी परत केली तेव्हा दुकानातला पोरगा सरळ डाव्या बाजूला उकिडवा बसला. त्याने पुढचं चाक बघितलं नाही, आरसे बघितले नाहीत, टाकी बघितली नाही. त्याला जागा माहीत होती. मग छापील कागद आला: पुढचं कव्हर ६,५००, आरसा १,२००, सायलेन्सरचं कव्हर ३,८००, रंग २,५००, आणि दुरुस्तीच्या पाच दिवसांचं बुडालेलं भाडं १,२५०. एकूण १५,२५० बाट. आरशाला तर धक्काही लागलेला नव्हता. मी म्हटलं, हे ओरखडे जुने आहेत. बाईंनी माझ्याच सहीचं कोरं चित्र समोर ठेवलं.

"मग पोलिसांकडे जाऊ," असं मीच म्हणाले. त्यांना ते चाललं. इतकं सहज चाललं, तेव्हाच मला थांबायला हवं होतं.

चौकीत दोन तास दहा मिनिटं बसवलं. पंखा एकच, तोही टेबलाकडे वळवलेला. अधिकारी आल्या आल्या दुकानवाल्या बाईंना 'पी' म्हणाले. थाई लोक वयाने मोठ्या माणसाला असं म्हणतात, ताई म्हटल्यासारखं. मी समजले. माझा व्हिडिओ त्यांनी पूर्ण बघितला नाही. टॉवेल दाखवला तर हाताने बाजूला सारला. मी सांगितलं की पासपोर्ट ही माझीसुद्धा मालमत्ता नाही, १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे तो भारत सरकारचा आहे, दुकानदाराला अडकवून ठेवता येत नाही. त्यांचं उत्तर: "पे, गेट पासपोर्ट." लेखी तक्रार घ्या म्हटलं तर दुभाषी नाही, उद्या या. उद्या किती वाजता? उद्या.

आणि मग त्यांनी माझं लायसन्स मागितलं. मी भारतीय कार्ड दिलं. आंतरराष्ट्रीय परवाना कुठे? तो मी काढला नव्हता. म्हणजे तक्रार घेऊन मी गेले आणि गुन्हेगारही मीच ठरले. दंड, खटला, इथेच राहावं लागेल, असं सगळं ऐकवलं. दुकानवाल्या बाई भाडं घेताना लायसन्सबद्दल एक अक्षर बोलल्या नव्हत्या, ते कुणी विचारलं नाही. शेवटी साहेबांनी 'तडजोड' काढली: ११,०००. पाहुणा देशात एकटा आहे, भाषा येत नाही, कागद समोरच्याच्या ताब्यात आहे, आणि ज्याच्याकडे दाद मागायची तोच भाव ठरवून देतो! राग अजून गेलेला नाही आणि जाणारही नाही.

माझ्याकडे ३,४०० रोख होते. एटीएममधून ८,००० काढले, परदेशी कार्डाचे २२० बाट वेगळे गेले. पोरगा मशीनपर्यंत सोबत आला. पावती मागितली, मिळाली नाही. तोवर क्रॅबीची बोट सुटली होती. बोट-बसचं जोडतिकीट ९५०, परतावा नाही. हॉस्टेलची जादा रात्र ४२०.

पैसे देऊन झाल्यावर हॉस्टेलच्या भिंतीवर टुरिस्ट पोलिसांचा नंबर दिसला: ११५५. चोवीस तास चालू असतो आणि इंग्रजीत बोलता येतं. हा नंबर आत्ता फोनमध्ये घाला आणि खिशात हात घालायच्या आधी लावा. मी कुणाला विचारलंच नाही, ही माझी चूक.

ट्रॅव्हल इन्शुरन्सवाल्यांचं काय सांगू. चार ईमेल केले. पहिल्याला उत्तर नाही, दुसऱ्याला 'पोलिस रिपोर्ट जोडा', जो पोलिसांनी दिलाच नव्हता. तिसऱ्याला 'वैध परवाना नव्हता'. चौथ्याला सांगितलं की भाड्याच्या वाहनाचं नुकसान पॉलिसीत बसतच नाही. मग हे पहिल्याच दिवशी सांगायचं ना! दुकानदार ज्या सक्तीच्या विम्याचं नाव सांगतात, थायलंडमधला 'पो रो बो', तो फक्त माणसांच्या इजेपुरता असतो. गाडीला त्यातून काही मिळत नाही.

आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओत मिळतो, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. त्यावर दुचाकीचा प्रकार नोंदलेला आहे ना ते बघा, नुसता कारचा चालत नाही. पासपोर्ट मागणाऱ्या दुकानातून बाहेर पडा, पाचवं दुकान शोधा, सापडलं नाही तर सोंगथ्याववाल्याला ३०० द्या. मला तेव्हा ते ३०० जड वाटले होते. व्हिडिओ उजेडात काढा, खालून, पाठीमागून, दुकानदाराचा चेहरा आणि आवाज येईल असा, आणि प्लास्टिकवर ओला रुमाल घासून मगच सही करा. रात्री स्वतःचं कुलूप लावा, कारण दुसऱ्या किल्लीने गाडी पळवून पूर्ण किंमत मागणारेही आहेत.

क्रॅबीला मी दुसऱ्या दिवशी पोहोचले. तिथे बहुतेक ठिकाणी चालतच फिरले.