पीएचडीला लॅब कुठली धरावी: जिवाणूंची की इम्युनॉलॉजीची?

एमएस्सी मायक्रोबायोलॉजी झाली, नेट-जेआरएफ (संशोधन-फेलोशिपची राष्ट्रीय परीक्षा) निघालं, आता लॅब कुठली धरायची? पुण्यात दरवर्षी कितीतरी मुलंमुली या प्रश्नापाशी अडतात. बहुतेक जण आवड बघतात आणि ती हवीच. पण माझ्या मते त्याच्याही आधी वेळेचा हिशेब मांडावा. फेलोशिप पाच वर्षांची असते: पहिली दोन वर्षं जेआरएफ म्हणजे कनिष्ठ फेलो (२०२३ पासून महिना ३७,००० रुपये, शिवाय घरभाडं), पुढची तीन एसआरएफ म्हणजे वरिष्ठ फेलो (४२,०००). तेवढ्यात किती प्रयोग पुन्हा करून बघता येतील, यात दोन्हीकडे जमीन-अस्मानाचा फरक आहे.

जिवाणूंच्या लॅबमध्ये चूक स्वस्तात पडते. ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट होतो. आज ट्रान्सफॉर्मेशन (जिवाणूत बाहेरचा डीएनए घालणं) केलं की उद्या सकाळी प्लेटवर कॉलनी. नाही आल्या तर उद्याच पुन्हा लावता येतं. नवख्या माणसाचा हात बसायला हे फार उपयोगी. मात्र सगळेच जिवाणू इतके झटपट वाढत नाहीत. क्षयाचा जिवाणू दुप्पट व्हायलाच साधारण २० तास घेतो, प्लेटवर कॉलनी दिसायला तीन-चार आठवडे जातात, आणि कामाला बीएसएल-३ (धोकादायक जंतूंसाठीची खास सुरक्षित लॅब) लागते. म्हणून बऱ्याच लॅब सुरुवातीचं काम त्याच्या निरुपद्रवी नातलगावर, मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिसवर, उरकतात. तो तीनेक दिवसांत वर येतो.

इम्युनॉलॉजीत, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासात, तुमचं वेळापत्रक उंदीर ठरवतात. पिल्लं व्हायला सुमारे २० दिवस, ती प्रयोगाला येईपर्यंत आणखी सहा ते आठ आठवडे. समजा, दोन वेगवेगळ्या जनुकांचे नॉकआउट (ते जनुक बंद पाडलेले उंदीर) एकत्र हवेत. पहिल्या पिढीत एकही कामाचं पिल्लू नसतं, दुसऱ्या पिढीत सोळांत सरासरी एक. एका वेतात पिल्लं सहा ते आठ, म्हणजे अख्खं वेत फुकट जाऊ शकतं. तोवर सहा महिने सरलेले असतात, आणि त्याआधी प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी मिळवण्यात गेलेले दिवस वेगळेच.

प्रयोगाचा दिवसही अर्धा सोडून उठता येत नाही. प्लीहा काढा, जाळीतून पेशी मोकळ्या करा, लाल पेशी फोडा, मोजा, बर्फावर अंधारात अँटिबॉडी लावा, मग फ्लो सायटोमीटरवर (रंग लावलेल्या पेशी एकेक करून मोजणारं यंत्र) मिळालेल्या वेळेत पोहोचा. एकेका रंगाचे कंट्रोल ठेवायला विसरलात तर कॉम्पेन्सेशन (एकमेकांत मिसळणारे रंग वेगळे करणं) नीट होत नाही आणि तो दिवस, ते उंदीर, दोन्ही गेले. अँटिबॉडी बहुतेक बाहेरून मागवाव्या लागतात. ऑर्डर अडकली की प्रयोगही अडकतो. आणखी एक गोष्ट, जी मुलाखतीत फारसं कुणी विचारत नाही: उंदीर स्वतःच्या हातानं मारावे लागतात. ते जमणार नसेल तर त्यात कमीपणा काही नाही, पण प्रवेश घेण्याआधी स्वतःला विचारून घ्या.

मग इम्युनॉलॉजीकडे जावंच कशाला? कारण तिथं आत्ता जे घडतंय ते विलक्षण आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून उभी राहिलेली कार-टी (रुग्णाच्याच टी पेशी बदलून कर्करोगावर सोडणारी) उपचारपद्धती, नेक्सकार१९, हिला ऑक्टोबर २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली. टी पेशी वाढवणं, फ्लो वाचणं हे ज्याच्या हातात आहे, त्याला या क्षेत्रात मागणी राहणार. मायक्रोबायोलॉजीवाल्यांना फर्मेंटेशन, औषध कंपन्यांची क्यूसी (गुणवत्ता तपासणी), सिक्वेन्सिंग अशी वाट जास्त रुंद आहे. लसनिर्मितीत दोघांनाही जागा आहे.

पाच वर्षांत घराला हातभार लावणं भाग असेल, तर मी जिवाणूंची, त्यातही जनुकीय काम करणारी लॅब सुचवेन. मन इम्युनॉलॉजीतच असेल तर मधला रस्ता पाहा: जिवाणू आणि मॅक्रोफेज (जंतू गिळणाऱ्या पेशी) यांच्या झटापटीवर काम करणारी लॅब. तिथं बरंचसं काम टीएचपी-१ सारख्या सेल लाइनवर (लॅबमध्ये सतत वाढवता येणाऱ्या पेशींवर) होतं, उंदीर शेवटच्या टप्प्यात येतात. पुण्यात एनसीसीएसकडे (राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राकडे) सेल लाइनचं राष्ट्रीय भांडार आहे आणि सूक्ष्मजीवांचा संग्रहही, त्यामुळे अशा कामाला हे शहर सोयीचं.

नवी उंदीर-वसाहत उभारायला निघालेल्या लॅबमध्ये पहिलाच विद्यार्थी म्हणून जाणं मात्र मी टाळेन, गाइड कितीही नावाजलेले असोत. गाइडना भेटण्याआधी त्यांच्या सीनियर विद्यार्थ्यांना कँटीनमध्ये गाठा. शेवटच्या माणसाला थिसिस द्यायला किती वर्षं लागली, फ्लो संस्थेतच आहे का, लागणारा उंदरांचा स्ट्रेन (वाण) आज पिंजऱ्यात आहे की अजून मागवायचाय, हे त्यांनाच विचारा.