आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं संकेतस्थळ: निकाल शेवटून वाचा

हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं संकेतस्थळ मोफत आहे, नोंदणी लागत नाही. 1946 पासूनचे निकाल तिथे आहेत, त्याआधीच्या, राष्ट्रसंघाच्या काळातल्या स्थायी आंतरराष्ट्रीय न्यायालयाचेही आहेत. न्यायालयीन सक्रियतेवर, म्हणजे न्यायाधीश लिखित कायद्याच्या पुढे जातात का यावर, मत देण्याआधी इथे यावंच.

कुलभूषण जाधव प्रकरण (भारत विरुद्ध पाकिस्तान) उघडा. सारांशावर थांबू नका. तो निबंधक कार्यालय तयार करतं, न्यायालय त्याची जबाबदारी घेत नाही. 17 जुलै 2019 च्या निकालाचा परिच्छेद 149 थेट गाठा. कोणत्या मुद्द्यावर कोणी कसं मत दिलं, ते तिथे न्यायाधीशांच्या नावांनिशी आहे: अधिकारक्षेत्रावर एकमत, बाकी मुद्द्यांवर 15 विरुद्ध 1. मग स्वतंत्र आणि विरोधी मतांच्या फायली उघडा. खरा वाद तिथेच वाचायला मिळतो.

पण न्यायाधीशांची ताकद पाहायची तर 18 मे 2017 चा आदेश वाचा: अंतिम निकालापर्यंत जाधवांना फाशी देऊ नये. हा अंतरिम आदेश पाकिस्तानवर बंधनकारक कशामुळे? न्यायालयाच्या संविधीचं (ज्या मूळ दस्तऐवजावर ते चालतं, त्याचं) कलम 41 तसं थेट म्हणत नाही. लाग्रांड प्रकरणात (जर्मनी विरुद्ध अमेरिका) 27 जून 2001 रोजी न्यायाधीशांनीच संविधीच्या उद्देशावरून ते ठरवलं. परिच्छेद 102 ते 109 सावकाश वाचा. सक्रियतेचं इतकं स्वच्छ उदाहरण क्वचितच सापडतं. आणि याच न्यायालयाने 2019 मध्ये जाधवांच्या सुटकेची भारताची मागणी नाकारली, शिक्षेच्या फेरविचाराची पद्धत पाकिस्तानवर सोपवली. हा संयमही तितकाच महत्त्वाचा, आणि चर्चेत नेमका तोच गळतो.

उणिवा आहेत. निकालात जुन्या प्रकरणाचा हवाला आला तरी त्यावर टिचकी मारून तिकडे जाता येत नाही. तारीख आणि परिच्छेद टिपून यादीतून पुन्हा शोधावं लागतं. जुने खंड स्कॅन केलेले, त्यामुळे शब्दशोध हुकतो. 1966 चा नैर्ऋत्य आफ्रिका (आजचं नामिबिया) निकाल (7-7 मतं, अध्यक्षांचं निर्णायक मत) पानं उलटूनच वाचावा. प्रलंबित खटल्यांची लेखी निवेदनं सहसा तोंडी सुनावणी सुरू झाल्यावरच खुली होतात, तोवर फक्त अर्ज आणि आदेश मिळतात.

उतारा घेताना शेवटी इंग्रजी की फ्रेंच संहिता अधिकृत म्हटली आहे, तेही तपासा.