हर्नियाचं ऑपरेशन: साडेचार तारे, अर्धा का कापला ते शेवटी

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. डॉक्टरच म्हणाले, "माझी जाहिरात नको, काय पाहिलंत ते लिहा." रत्नागिरी जिल्ह्यातलं छोटं सर्जिकल हॉस्पिटल आहे, एवढं पुरे.

मी एसटीचा रिटायर कंडक्टर. बरीचशी नोकरी गुहागर-चिपळूण गाडीवर झाली. यंदा मे महिन्यात भावाच्या बागेत आंब्याच्या पेट्या उचलल्या आणि उजव्या जांघेत गोळा आला. हर्निया निघाला, जाळी बसवायची ठरली.

भूल पाठीतून. म्हणजे कमरेखाली सगळं बंद, कान मात्र चालू. सुई टोचण्याआधी सिस्टरने नाव विचारलं, कसलं ऑपरेशन, कुठल्या बाजूला, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी. हेच सगळं वॉर्डात विचारून झालं होतं. मी वैतागून म्हटलं, "ताई, पेपरात लिहिलंय की." ती म्हणाली, "काका, पेपरातलं मला दिसतंय. तुमच्या तोंडून हवंय." मांडीवर पेनाने काढलेला बाणही तिने पुन्हा बघितला.

मग चिरा द्यायच्या आधी सगळे थांबले. सर्जन, भूलतज्ज्ञ, दोन सिस्टर, एक टेक्निशियन. प्रत्येकाने आपलं नाव आणि काम सांगितलं. रोज एकाच टेबलाभोवती उभी राहणारी माणसं! मला हसूच आलं. अँटिबायोटिक किती वाजता दिलं तेही मोठ्याने सांगून झालं.

हसू नंतर मावळलं. टाके घालायची वेळ आली आणि त्यातली लहान सिस्टर, पंचविशीचीही नसेल, म्हणाली, "सर, थांबा. एक गॉज कमी आहे." गॉज म्हणजे रक्त टिपायचा कापडाचा तुकडा. सगळं शांत. मला वाटलं, आता हिची खरडपट्टी निघणार. सर्जन नुसते म्हणाले, "मोजा परत. जुळल्याशिवाय मी टाका घालत नाही." शेवटी बादलीत दोन गॉज एकमेकांना चिकटलेले सापडले. डॉक्टर तिला "थँक्यू" म्हणाले आणि पुढचं काम सुरू.

आमच्याकडे ड्रायव्हर कितीही जुना असो, कंडक्टरची डबल बेल झाल्याशिवाय गाडी हलत नाही. ऑपरेशन थिएटरातही बेल असते, आणि ती सगळ्यात नवख्या मुलीच्या हातात असू शकते, हे मला त्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी राउंडला डॉक्टरांना विचारलं, हे विचारणं-मोजणं कशासाठी? गडी खूश झाला, स्टूल ओढून बसलाच. म्हणाले, हे सगळं एका यादीप्रमाणे चालतं; ही १९ मुद्द्यांची यादी जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली काढली. काम बोस्टनचे सर्जन डॉ. अतुल गावंडे यांच्या पुढाकाराने झालं. त्यांचे वडील मूळचे आपल्या विदर्भातले. आठ देशांतल्या आठ हॉस्पिटलांत यादी वापरून पाहिली, त्यातलं एक दिल्लीचं. ऑपरेशननंतरचे मृत्यू १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर आले. नावं सांगण्याचं कारणही साधं: एकदा तोंड उघडलेला माणूस पुढे गरज पडली तर बोलायला कचरत नाही.

पण लगेच त्यांनीच दुसरी बाजू सांगितली. कॅनडात ओंटारिओच्या १०१ हॉस्पिटलांत हीच यादी लागू झाली, आणि २०१४ साली छापून आलेल्या अभ्यासात मृत्यूंमध्ये लक्षणीय फरक दिसला नाही. ते म्हणाले, काम न करताही यादीवर बरोबरच्या खुणा मारता येतात ना! मला पटलं. वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरलं म्हणजे गाडीतली माणसं मोजली असं होत नाही, हे कंडक्टरला कोणी शिकवायला नको.

आता बाकीचं. बिल सांगितलं तेवढंच आलं. खोली स्वच्छ. कँटीनमध्ये इडली मिळते, पेज मिळत नाही. कोकणात पेशंटला पेज नाही म्हणजे काय? डिस्चार्जला सकाळी दहाचे दुपारचे साडेतीन झाले.

अर्धा तारा मात्र यासाठी कापला नाही. गॉज शोधण्यात वेळ गेला तेव्हा बायको बाहेर बाकावर बसून होती. पाऊण तास सांगितला होता, सव्वा तास झाला. आत सगळे एकमेकांशी बोलत होते, पण दार उघडून तिला "काळजी करू नका, थोडा उशीर होतोय" एवढं कोणी सांगितलं नाही. टाके काढायला गेलो तेव्हा तिनेच हे डॉक्टरांना तोंडावर ऐकवलं. त्यांनी टेबलावरचं पॅड ओढलं आणि म्हणाले, "वहिनी, हळू सांगा, लिहून घेतो."