२८ म्हणजे चाळीस: एक्स६४डीबीजीमध्ये ‘०एक्स’ची टिक लावून आठ महिने

एक्स६४डीबीजी या विंडोजच्या डीबगरमध्ये (चालू प्रोग्रॅमच्या आतल्या सूचना दाखवणाऱ्या टूलमध्ये) कुठलंही ६४-बिट फंक्शन उघडा, सुरुवातीलाच ‘सब आरएसपी, २८’, म्हणजे स्टॅकवर (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीत) एवढे बाइट जागा सोड, असं दिसण्याची शक्यता भरपूर. हे अठ्ठावीस नव्हेत. हेक्समधले (सोळाच्या पायातले, जिथे दहा ते पंधरासाठी ए ते एफ अक्षरं येतात) २८, म्हणजे दोन सोळे आणि आठ, आपले चाळीस: पुढे बोलावल्या जाणाऱ्या फंक्शनसाठी विंडोजच्या नियमाने सोडायचे ३२ बाइट, आणि स्टॅक १६च्या पटीत यावा म्हणून आणखी ८. हेच आयडा आणि घिड्रा या अशाच दुसऱ्या टूल्सपैकी आयडामध्ये ‘२८एच’ दिसतं, घिड्रामध्ये ‘०एक्स२८’. इथे मात्र नुसतं २८. सगळे आकडे हेक्सच, मग खूण कशाला, असा हिशेब.

हिशेब बरोबर आहे. मी चुकलो तो दुसऱ्या खिडकीत. एका स्ट्रक्चरमधलं ‘आरसीएक्स+४८’ (आरसीएक्स या रजिस्टरमधल्या पत्त्यापासून ४८ बाइट पुढे) बघून पायथनच्या स्क्रिप्टमध्ये ४८ उतरवलं. पायथनने ते डेसिमल (नेहमीचं दशमान) धरलं, आणि हेक्समधल्या ४८ऐवजी हेक्समधल्या ३०वरचं फील्ड वाचलं. तिथेही एक पॉइंटरच (मेमरीतला पत्ता) होता, अगदी सभ्य दिसणारा. दुपार गेली. ‘४सी’ असतं तर पायथननेच आरडाओरडा केला असता. पण दोन अंकी हेक्सच्या २५६ आकड्यांपैकी १०० असे आहेत की त्यांत एकही अक्षर नाही. ते गुपचूप डेसिमल होऊन बसतात.

त्याच संध्याकाळी प्रेफरन्सेसमधल्या डिसअसेंबलीच्या टॅबवर जाऊन ०एक्सच्या पर्यायावर टिक केली. पहिला आठवडा डोळ्यांना टोचलं. ओळी लांबल्या, अरुंद लॅपटॉपवर कॉमेंटचा कॉलम पार कडेला गेला. आता टिक नसलेली स्क्रीनच उघडीबोडकी वाटते. कॉपी केलेली ओळ नोट्समध्ये, पायथनमध्ये, घिड्राच्या शेजारी कुठेही टाकली तरी अर्थ बदलत नाही, मला तेवढंच हवं होतं.

‘एच’वाल्यांशी माझं भांडण नाही. डिप्लोमाला ८०८५ हा मायक्रोप्रोसेसर शिकताना वहीत ‘२०५०एच’ लिहायचो आणि किटवर नुसतं २०५० दाबायचो, तेव्हा दोन्ही सवयी तिथल्याच. पण शेपटीचा एच मागून येतो: आकडा पूर्ण वाचून झाल्यावर कळतं की तो हेक्स होता. शिवाय आकडा अक्षराने सुरू होत असेल तर पुढे शून्य लावावंच लागतं, ‘०एएच’. हे शून्य मला कित्येक वर्षं नुसती शोभा वाटायचं. ते काढून बघा: ‘मूव्ह एएल, ०एएच’ म्हणजे एएल या रजिस्टरमध्ये दहा टाका, ‘मूव्ह एएल, एएच’ म्हणजे शेजारच्या एएच रजिस्टरमधलं टाका. बीएच, सीएच, डीएच यांचीही हीच गत.

टिकेने सगळं सुटत नाही. ती फक्त दाखवण्यापुरती आहे. खाली कमांडच्या पट्टीत २८ टाइप केलं तर ते अजूनही हेक्सच, डेसिमल हवं तर आधी टिंब, ‘.४०’. हे टिंब मी आजही चारदा विसरतो. म्हणून हाताने लिहितानाही ०एक्स लावतो, गरज नसली तरी. तो तसा चालतोही.

ज्यांना स्वतःचं टूल लिहायचं आहे त्यांनी झायडिस बघावी. एक्स६४डीबीजीच्या पोटात सूचना उलगडणारी तीच लायब्ररी आहे. तिच्या फॉरमॅटरमध्ये (सूचना छापणाऱ्या भागात) पुढची खूण, मागची खूण, मोठी अक्षरं, इतकंच काय, ते अक्षराआधीचं शून्यसुद्धा वेगवेगळं ठरवता येतं. कॅपस्टोन ही तशीच दुसरी लायब्ररी वापरलीत तर एवढं ध्यानात असू द्या की ९पर्यंतचे आकडे ती खुणेविना छापते. हेक्स असो की डेसिमल, तिथे फरक पडत नाही, पण रेजेक्स (शोधाचा नमुना) लिहून ‘०एक्स’ शोधत बसलात तर ते निसटतील.

लिनक्सवर जीडीबी या डीबगरमध्येही सगळं हेक्स करावं म्हणून ‘सेट इनपुट-रेडिक्स १६’ केलं, ते दोन दिवसांत नको झालं. परत फिरायला ‘सेट इनपुट-रेडिक्स १०’ लिहिलं. काहीच बदललं नाही. हेक्समध्ये वाचलेले १० म्हणजे सोळाच की! शेवटी ‘०एक्सए’ (हेक्समधले दहा) असं लिहिलं, तेव्हा ऐकलं.