ब्रॅडफर्डचं पीस स्टडीज: एमए झाल्यानंतरचे चौदा महिने

इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड विद्यापीठातून पीस स्टडीज, म्हणजे संघर्ष आणि शांतता या विषयात एमए करून परतले, त्याला चौदा महिने झाले. शिकलेलं कामाला येतं का, हे कळेपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

तिथला विभाग १९७३ मध्ये क्वेकर या शांततावादी ख्रिस्ती पंथातल्या मंडळींच्या पुढाकाराने सुरू झाला. पहिले प्राध्यापक ॲडम कर्ल १९६५ च्या युद्धानंतर भारत-पाकिस्तानात आणि पुढे नायजेरियाच्या यादवीत मध्यस्थीसाठी फिरलेले. त्यामुळे पुस्तकी सिद्धांत भरपूर असले, तरी समोरासमोर बसून बोलण्याची किंमत तिथे कळते. मी वकिलीतून आलेली. मध्यस्थीच्या सरावात दहाव्या मिनिटाला तोडगा सांगून मोकळी व्हायचे आणि दर वेळी मला थांबवलं जायचं. गप्प बसून ऐकायला शिकण्यात माझं अख्खं सत्र गेलं.

त्याचा उपयोग झाला तो सातारा जिल्ह्यात. सध्या एका छोट्या संस्थेत शेतजमिनीचे आणि घरगुती वाद हाताळते. दोन सख्खे भाऊ, भांडण बांधाचं. थोरल्यांचं एकच पालुपद, "ताई, त्यानं बांध कोरलाय." सरकारी मोजणी झाली, खुणा घातल्या, तरी मिटेना. तिसऱ्या बैठकीत त्यांच्याशी एकट्याशी बोलले. बांध कोरल्याचं दुखणं होतंच, पण खरी अडचण निराळी होती: ऊस तुटला की ट्रॉली बाहेर काढायला त्यांना वाट नव्हती आणि धाकट्यापुढे ती मागायला जीभ रेटत नव्हती. मागणी एक आणि गरज दुसरी, हे वर्गात शंभरदा ऐकलं होतं. धाकट्यानं तोडणीपुरती वाट दिली आणि बांधाचा विषय तिथेच संपला. त्या संध्याकाळी मला फी वसूल झाल्यासारखी वाटली.

नोकरीचं मात्र स्पष्ट सांगते. जाण्याआधी एका एजंटनं "यूएनमध्ये सहज लागेल" असं सांगितलं होतं. तिथे पी-२ या सुरुवातीच्या श्रेणीतल्या पदालासुद्धा पदव्युत्तर पदवीवर साधारण दोन वर्षांचा अनुभव मागतात. त्यात २०२५ मध्ये यूएसएआयडी ही अमेरिकी सरकारची परदेशी मदत संस्था गुंडाळली गेली आणि ब्रिटननेही परदेशी मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ वरून २०२७ पर्यंत ०.३ टक्क्यांवर आणायचं जाहीर केलं. माझ्या वर्गातल्या दोघांचे करार त्यातच संपले. बाकीचे निर्वासितांसोबतच्या कामात, शेजाऱ्यांच्या तंट्यांतल्या मध्यस्थीत, एक कंपनीच्या एचआरमध्ये.

भारतात २०२३ चा मध्यस्थी कायदा आल्याने या कामाला आधार मिळालाय. पण न्यायालयाच्या मध्यस्थांच्या पॅनेलवर परदेशी पदवीपेक्षा वकिलीची वर्षं आणि चाळीस तासांचं मध्यस्थी प्रशिक्षण मोजतात. कायदा, समाजकार्य किंवा मानसशास्त्र पाठीशी असेल तर जरूर जा; नुसत्या बीएवर कर्ज काढून जाऊ नका, असंच मी धाकट्या बहिणीलाही सांगेन.

ते चाळीस तास मी परत आल्यावर केले. आधी केले असते, तर प्रबंधाला आपल्याकडचे बांधाचे तंटेच घेतले असते.